शंभरपैकी शंभर

फुकटच्या तपासणीतून भोंग्याला मिळण्यासारखं होतं ते एवढंच: अर्धा तास पंख्याखाली पडायला आणि बायकोच्या तोंडाला कुलूप. दुसरी कमाई मोठी, कारण "जाऊन तर या" हे पालुपद आठवडाभर चाललं होतं. गमावण्यासारखं काही आहे, असं शिबिराच्या छापील कागदावर कुठे लिहिलं नव्हतं. तेव्हा सौदा फायद्याचाच दिसला.

भोंगा फळबाजारात लिलाव पुकारायचा. बावीस वर्षं. माईकला त्याने कधी हात लावला नाही; ज्याला माईक लागतो त्याने तराजू धरावा, असं तो म्हणे. व्यापारी म्हणत, भोंग्याने हाक मारली की कच्ची फळंसुद्धा घाबरून पिकतात. घरभाडं, पोरींच्या फिया, बायकोचा थाट, सगळं त्या एका गळ्यावर चालायचं.

व्यापारी संघाने शिबिर भरवलं, डॉक्टरांनी गळ्यावर मशीन फिरवलं आणि थायरॉइडच्या ग्रंथीत सहा मिलिमीटरची गाठ सापडली. सुईने नमुना काढला. कर्करोग निघाला. त्या शब्दापुढे सहा मिलिमीटर कोणाला दिसणार?

एकीला दिसले. भोंग्याची भाची दुसऱ्या एका दवाखान्यात नोंदी ठेवायची. कोणाला काय झालं आणि कोण कशाने गेलं, हे तिच्या रजिस्टरात. ती संध्याकाळी आकडे घेऊन आली.

"मामा, हे बघा. ही मशीनं आल्यापासून या कर्करोगाचे पेशंट झालेत पंधरापट. आणि त्याने गेलेले? आधी वर्षाला दोन. आता? दोनच."

"म्हणजे बाकीचे वाचले की!"

"वाचले असते तर दोनाचं शून्य नसतं झालं? बाकीचे याने मरणारच नव्हते, मामा. एवढीशी गाठ कित्येकांच्या गळ्यात जन्मभर गप्प पडून असते. तुमचा रिपोर्ट आमच्या डॉक्टरांनाही दाखवला. ते म्हणाले, सहा महिन्यांनी परत बघू. वाढली तर काढायला वेळ आहे."

"आणि गाठ काढा म्हणणाऱ्या सर्जनच्या दारावरचा फलक? दहा वर्षांत शंभरपैकी शंभर जिवंत!"

"न मरणारे मोजले तर शंभरच भरणार. मलाही लावता येईल तसा फलक."

भोंगा हसला. बाजारातला शहाणपणा त्याच्याकडे पेटीने होता. "पोरी, पेटीत डागी फळ दिसलं तर मी सहा महिने त्याच्या तोंडाकडे बघत बसतो का? आधी ते बाहेर, मग बोली."

"फळ काढलं तर पेटी बोलायची थांबत नाही. आवाजाची नस त्या ग्रंथीला चिकटून जाते."

"ते सांगितलंय त्याने. शंभरात एक-दोघांना त्रास होतो म्हणे. शंभरात एक-दोन पेट्या तर आमचे हमाल रोज फोडतात, म्हणून बाजार बंद ठेवतो का?"

मामी भांडी आपटत बाहेर आली. "तुझ्या रजिस्टरात मेलेली माणसं आहेत, बाई. आमचे हे जिवंत आहेत, तसेच राहू देत."

यावर कोणता आकडा चालणार? भाचीने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

सर्जन लबाड नव्हता, हे इथे मांडून ठेवायला हवं. लबाड असता तर निदान शंका घेता आली असती. त्याचा स्वतःच्या फलकावर मनापासून विश्वास होता. त्याने गाठ काढली, ग्रंथी काढली, आणि शंभरातल्या एक-दोघांमध्ये भोंगा बसला. सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा आवाज राहिला. व्यापाऱ्यांनी तीन महिने वाट पाहिली, मग माईक दिला. माईकमधून ती फुसफुस बाजारभर ऐकू गेली तेव्हा मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. दुसऱ्या दिवसापासून भोंगा फाटकावर रिकाम्या पेट्या मोजायला बसला. पगार निम्मा.

भेटेल तो म्हणायचा, "आवाजाचं काय घेऊन बसलात? जीव वाचला!" भोंगा मान हलवायचा. पुढे पुढे तोच आधी म्हणू लागला. नव्या शिबिराच्या दिवशी तर संघाने त्याला खुर्चीवर बसवलं, आणि तो फुसफुसत सांगत होता, "तपासून घ्या, मी वाचलो." वाचलेल्या माणसाचं कोण ऐकणार नाही? रांग दारापर्यंत गेली.

एका दुपारी मात्र तो भाचीच्या दवाखान्यात आला. तिच्या टेबलासमोर बसला, रजिस्टराकडे बघितलं, आणि कानाशी वाकून म्हणाला, "खरं सांग. नसतं केलं तर चाललं असतं?"

भाचीला उत्तर तोंडपाठ होतं. तिने मामाचे डोळे बघितले आणि ते गिळलं.

"नाही मामा. काढली ते बरंच झालं."

भोंगा बराच वेळ तिचा हात धरून बसला. तिला वाटलं, एका वाक्यात माणूस सावरला, स्वस्तात पडलं.

रविवारी ती माहेरी गेली. तिची आई म्हणजे भोंग्याची थोरली बहीण; लेकीच्या सांगण्यावरून आजवर एकाही शिबिराला गेली नव्हती. आता टेबलावर आईचा रिपोर्ट होता. पाच मिलिमीटर. शेजारी मामा बसलेला.

"मंगळवारी ऑपरेशन," आई म्हणाली.

"आई, अगं मी तुला किती वेळा…"

"मला ते जुनं सांगू नकोस. मामाला तू स्वतः म्हणालीस ना, काढली ते बरं झालं?"

मामा भाचीकडे बघत होता. खरं बोलायचं तर त्याच्यासमोर बोलावं लागणार होतं. मामाला बाहेर पाठवावं, आईला आत न्यावं, काहीतरी करावं, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात भोंगा फुसफुसला, "ताई, पोरगी हुशार आहे. चूक कबूल केली तिने."

भाचीने टेबलावरचा रिपोर्ट घडी करून आईच्या हातात दिला. मंगळवारी ऑपरेशन झालं.

आईचा आवाज राहिला. ग्रंथी गेली, तिच्यामागच्या कॅल्शियम सांभाळणाऱ्या चिमुकल्या ग्रंथीही दुखावल्या. बोटांना मुंग्या येतात, हातातला कप सुटतो. सर्जनचे शंभरपैकी शंभर तसेच आहेत. भोंगा आता स्वतःला दोन जीव वाचवलेला समजतो. भाचीने मामाखातर एक खोटं वाक्य उधळलं, त्याचं देणं तिची आई रोज सकाळी उपाशीपोटी, गेलेल्या ग्रंथीच्या बदल्यात घ्यायच्या एका गोळीने फेडते, आणि फेडत राहणार आहे मरेपर्यंत.