पांढरी एकची बारी

गागोदे बुद्रुकमध्ये ऋत्विकची ओळख करून देताना लोक नाव नंतर सांगायचे, आधी सांगायचे, "पांढरी पाचवाला पोरगा." पेटीवरच्या ज्या सुराला भजनाचा बुवा 'सा' धरतो ती त्याची पट्टी. त्यात पाचवी पांढरी ही पुरुषाच्या गळ्याला भलतीच उंच. पण आपल्याकडे बुवाच्या मानेच्या शिरा फुगल्याशिवाय ऐकणाऱ्याचं समाधान होत नाही. शिरा जितक्या जाड तितका बुवा मोठा, असा सरळ हिशेब आहे.

त्याचे वडील गुणाजी बुवा एके काळी हीच पट्टी लावायचे. पेणपासून रोह्यापर्यंत त्यांना बोलावणी असायची. चाळिशी ओलांडली आणि त्यांचा आवाज गेला. आधी भजनाच्या बारीनंतर बसायचा, मग बसलेला उठेनासा झाला. काढे झाले, ज्येष्ठमध झालं, दृष्ट काढून झाली. शेवटी त्यांनी पेटी मुलापुढे सरकवली आणि स्वतः झांज घेऊन मागे कोरसात बसले. तिथेही ते नुसते ओठ हलवायचे. मंडळात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर कुणी बोलत नसे.

ऋत्विक पेणजवळच्या एका छोट्या विद्यापीठात संगीत शिकायला गेला. संगीत विभाग म्हणजे ग्रंथालयावरच्या दोन खोल्या. मुलं इतकी कमी की एखादं घरी राहिलं तर वर्ग ओस पडायचा. गुणाजी बुवांनी त्याला पाठवलं ते पदवीसाठी. गाणं त्याला येतच होतं, याबद्दल बापलेकांचं एकमत होतं.

नूतन मॅडमनी पहिल्याच दिवशी त्याला गायला लावलं आणि मध्येच थांबवलं.

"घसा बसतो का रे?"

"बारी झाली की बसतो. चार दिवसांनी सुटतो."

"आणि हे तुला बरोबर वाटतं?"

"सगळ्यांचाच बसतो मॅडम."

मॅडमनी तानपुरा पार खाली, पांढरी एकला लावला. "आजपासून इथे. पाचला ओरडत राहिलास तर तरुणपणीच आवाज संपेल. घरात आणखी कुणी गातं?"

ऋत्विकने घाईघाईने नवा सा लावायला घेतला.

सुरुवातीला त्याला हा अपमान वाटला. रोज सकाळी खर्जात बसून नुसता सा लावायचा. वर्गातली सुरभी म्हणायची, "आज म्हैस लवकर उठली." पण हळूहळू आवाज भरत गेला. आधी त्याला वरच्या सुरापर्यंत कसंबसं पोचता यायचं, आता सुरावर निवांत थांबता यायला लागलं. त्याला स्वतःचा आवाज आवडू लागला. घरी मात्र तो यातलं अक्षर बोलला नाही. बोलायचं तर बापाला सांगायला लागणार की तुमचा आवाज नजरेने गेला नाही, तुमच्याच गाण्याने गेला.

तेवढ्यात रोह्याजवळच्या अष्टमी गावच्या देवळात भजनाचा सामना ठरला. रविवारी दुपारी दोन बुवा समोरासमोर बसणार आणि आळीपाळीने गाणार. समोर वरसे गावचा धनेश बुवा. तालमीच्या दिवशी ऋत्विकने धीर करून सांगितलं, "मी पाचला गानार नाय. एकला गाईन."

पखवाजवाला काळुरामकाका हसला. "आरं, पखवाज पाचला चढवलेला हाय. एकला उतरवला तर वाद्या ढिल्या पडून नुसता ढबढब वाजल. त्याचं काय?"

पखवाजही सुरात लावावा लागतो, हे विद्यापीठात सूर घोकणाऱ्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो ओशाळला. मंडळी हसली. गुणाजी बुवा मात्र हसले नाहीत.

"कालेजानं तुजा आवाज उतरवला," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"आवाज तुमचा गेला बाबा. पाचनंच घालवला. माजा बी तसाच जाईल."

"देवानं दिला व्हता, देवानं नेला. पाचला गायचा नसल तर पेटीला हात लावू नको."

ऋत्विकने निमूटपणे पाचला गजर धरला.

अष्टमीला धनेश बुवाने पहिली बारी केली ती काळी चारवर, म्हणजे पाचच्याही वर. मानेच्या शिरा मागच्या रांगेतूनसुद्धा दिसत होत्या. लोकांनी टाळ्यांनी देऊळ डोक्यावर घेतलं. गुणाजी बुवा पुढे वाकून मुलाच्या कानाशी म्हणाले, "पाच सोडू नको."

काळुरामकाकाने पखवाजावर थाप मारून सूर तपासला. पाच खणखणीत बोलला. ऋत्विकने त्या सुराशी पेटी मिळवायला बोट उचललं आणि तसाच थांबला. पांढरी पाच म्हणजे पांढरी एकचा पंचम. सा आणि प तर तानपुऱ्यावर रोज शेजारी वाजतात. मॅडमनी पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं ते हेच. एकला सा धरला तर पखवाज पंचमात बोलेल, त्याला उतरवायची गरजच नाही. म्हणजे आता सबबही उरली नव्हती. उरली होती ती फक्त बापाची भीती.

त्याने बोट एकवर ठेवलं आणि अभंग उचलला.

देवळात कुजबुज झाली. "बुवा, जेवून नाय आला काय?" मागून कुणीतरी विचारलं आणि हशा पिकला. ऋत्विक घामाघूम झाला, पण आवाज हलला नाही. त्याने ओळ पुरी केली आणि कोरसासाठी सोडली.

ओळ कुणी उचललीच नाही. इतकं खाली गायची मंडळाला सवय नव्हती. झांजा थबकल्या. एकटा पखवाज चालू राहिला. भजनात याहून मोठी नाचक्की नाही. ऋत्विकला वाटलं, संपलं.

मग मागून एका आवाजाने ओळ उचलली. जाड, भरलेला, जरा गंजलेला, पण नेमका सुरात. आपल्या मंडळात असा आवाज कुणाचा, हे ऋत्विकला कळेना. काळुरामकाका पखवाज वाजवता वाजवता मागे बघत होता, म्हणून त्यानेही वळून पाहिलं. झांज मांडीवर पडली होती, डोळे मिटलेले होते आणि गुणाजी बुवा गात होते. ऋत्विकने तीच ओळ पुन्हा सोडली, मग पुन्हा. तिसऱ्या खेपेला सगळं मंडळ बुवांच्या मागे आलं.

सामना धनेश बुवाने जिंकला. त्यात नवल काही नव्हतं.

परत निघाल्यावर टेम्पोत मागे पेटी, पखवाज आणि माणसं दाटीने बसली. ड्रायव्हरने गाणी मोठ्याने लावली होती. आता बापाच्या शिव्या बसणार म्हणून ऋत्विक खाली मान घालून बसला होता.

"एकला गा म्हनून तुला कोनी सांगितला?" बुवांनी विचारलं.

"मॅडमनी."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी."

बुवांनी मान हलवली.

"माला कोनी सांगितलाच नाय रे," ते म्हणाले, आणि सगळ्या मंडळींसमोर रडायला लागले.

काळुरामकाकाने ड्रायव्हरला हाक मारून गाणी बंद करायला सांगितली.