अठरा खणांचा पालक

मी एक जुना बर्फाचा ट्रे आहे. ॲल्युमिनियमचा, अठरा खणांचा, वर ओढायच्या खटक्याचा. मित्रांनो, तुमच्याकडे प्लास्टिकचे ट्रे असतील. जरा पिळले की टपाटप बर्फ पडतो. माझे तसे नाही. माझा खटका जोर लावून ओढावा लागतो, मग मी असा करकरतो की घरातले सगळे वळून बघतात.

कारखान्यात एका पत्र्यावर दणकन साचा पडला आणि मी जन्मलो. नव्या फ्रीजमध्ये बसून या घरात आलो. तेव्हाचा माझा थाट विचारू नका. पाहुण्यांचे सरबत माझ्यावाचून अडायचे. कुणाच्या कपाळाला टेंगूळ आले, की आधी माझी आठवण. पुढे प्लास्टिकचे ट्रे आले आणि माझी रवानगी परसातल्या खोपटात झाली. आजोबा माझ्या खणांत बिया ठेवू लागले. वाईट वाटले, पण खरे सांगू, बियांची संगत चांगली असते. उगाच बोलत नाहीत.

मला तिथून बाहेर काढले सूनबाईने. तिची चार वर्षांची ठमी फिकुटली होती, अंगात रक्त कमी भरले होते. डॉक्टरीणबाईंनी औषध दिले आणि पालेभाजी खाऊ घालायला सांगितले. ठमी बाजारची भाजी दिसली की ओठ घट्ट मिटायची. आजोबांच्या वाफ्यातला, स्वतःच्या हाताने खुडलेला पालक मात्र मुकाट्याने खायची. आणि नेमका त्या पालकाला तुरे फुटू लागले होते.

"आठवडाभर निघेल फार तर," आजोबा म्हणाले. "मग ऊन कमी होईपर्यंत वाफे रिकामेच."

सूनबाईचा जीव टांगणीला लागला. पालक गोठवून कसा ठेवायचा ते तिने कुठूनसे वाचले आणि वहीत उतरवून घेतले. प्लास्टिकचे ट्रे तडकलेले, म्हणून मला आणले. आधी तीनदा घासले, वर उकळूनही काढले. अर्धा वाफा खुडून झाला. पाने दोन मिनिटे उकळत्या पाण्यात, लगेच गार पाण्यात, मग घट्ट पिळून, बारीक चिरून माझ्या खणांत. उरलेली डब्यांत. अगदी वहीबरहुकूम.

फक्त एक गोष्ट वहीत नव्हती. सूनबाई दर पाच मिनिटांनी फ्रीजचे दार उघडून बघत होती. बोटाने चाचपत होती.

"अगं, फ्रीज आहे तो, पाळणा नाही," सासूबाई म्हणाल्या. "सारखी काय डोकावतेस?"

"एकदाच बघते, आई."

"हे एकदाच तू सकाळपासून करते आहेस."

आमच्या फ्रीजचे दार जुने. शेवटी गुडघ्याने ढकलावे लागते. झोपण्याआधी ती पुन्हा बघून गेली तेव्हा ठमी कडेवर पेंगत होती, आणि गुडघ्याचे राहून गेले. सकाळी स्वयंपाकघरात पाण्याचे थारोळे. माझ्या खणांत कोमट, आंबूस लगदा.

ठमीने वास घेतला. "आई, हे शेवाळं आहे."

सगळे खतात गेले. सूनबाई मला विसळत उभी होती. नळ बंद केला तरी मला चोळतच राहिली. "आई, माझ्यामुळे गेलं. आता अर्धंच उरलंय."

मला वाटले, सासूबाई आता टोमणा मारणार. त्यांनी पदर खोचला. "उरलंय ना? मग चल खुडायला. आणि या खेपेला उद्यापर्यंत दाराला हात लावायचा नाही."

"गोठलं नाही तर?"

"तुझ्या बघण्यानं गोठणार आहे का?"

सासूबाईंनी स्वतः गुडघा लावून दार बंद केले. मित्रांनो, आतल्या अंधारात मला सूनबाईची पावले ऐकू यायची. ती दारापर्यंत येत, थांबत. दाराच्या मुठीवर हात पडल्याचेही कळायचे. मग पावले परत जात. अकरा वेळा मोजली मी. आणि इकडे माझ्या खणांतला पालक कडेकडून आत, हळूहळू आवळत गेला.

दुसऱ्या दिवशी खटका ओढला. मी मनसोक्त करकरलो. अठरा हिरवे, टणक चौकोन ताटात खणखणले.

आठवडाभर मी रोज भरलो आणि रोज रिकामा झालो. वाफे सुकून भेगाळले, तरी ठमी रोज दोन चौकोन स्वतः निवडायची. "हा मी खुडलेला," म्हणायची, आणि गरम भातात कालवून खायची. पुढच्या तपासणीत रक्त वाढलेले निघाले. सूनबाईने तो कागद तीनदा वाचला. मग आकडा चुकला तर नसेल ना, म्हणून चौथ्यांदा.

आता माझी जागा फ्रीजमध्ये आहे आणि मी सुखात आहे. तुम्हाला सांगणे एवढेच. माझ्यासारखा एखादा म्हातारा अडून बसला तर सुरी घालून खरवडू नका; वरून थोडे पाणी सोडा, तो आपण होऊन सुटेल. आणि कुणाची फार काळजी वाटू लागली, तर आपल्या हातातले काम नीट करा, दार घट्ट लावा आणि जरा बाजूला व्हा. आत आमचे काम चालू असते.