सहा सेकंद आधी

माझा आवाज मोठा आहे. बावीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलेल्या माणसाचा मोठाच असतो. तिथे शेजारच्याकडून पाना मागायचा तरी बोंब मारावी लागते. किनाऱ्यावरच्या ऑफिसात येऊन आता पाच वर्षं झाली, तरी सिंगापूरला बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी हळू बोललेलं लिफ्टपर्यंत ऐकू जातं. माझी मुलगी किमया पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणते, "पपा, व्हॉल्यूम लाह." इथे कशाच्याही शेवटी 'लाह' लावतात.

हे आधी सांगतो, कारण जुलै दोन हजार सहाच्या त्या रविवारी यिशुनच्या हॉलमध्ये जी मॅच हरली ती या आवाजाने हरली. आणि आवाजावर तरी कशाला ढकलू? मीच हरवली.

मॅच माझ्या बायकोची होती. विद्या कॉलेजात असल्यापासून पुण्यात बास्केटबॉल खेळायची. पुढे मी समुद्रावर, किमया लहान, तेव्हा जे सुटलं ते सुटलंच. सिंगापूरला आल्यावर तिने इमारतीखालच्या कोर्टवर बायका खेळताना पाहिल्या. आठवडाभर नुसती कठड्याशी उभी राहून बघत होती. मग एक दिवस माझी जुनी ट्रॅकपँट चढवून सरळ खाली गेली. आता त्रेचाळिसाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून, ती पस्तिशीपुढच्या बायकांच्या लीगमध्ये खेळत होती आणि तिची टीम पहिल्यांदाच फायनलला पोचली होती. मी तिची एकही मॅच चुकवत नसे. इतक्या वर्षांचं बघायचं राहिलेलं भरून काढतोय, असं मला वाटायचं.

आम्ही चाहते तिघं. मी, उल्हास आणि प्रबोध. उल्हास एकेकाळी माझ्या हाताखाली थर्ड इंजिनिअर होता, अजूनही मला चीफ म्हणतो. प्रबोध बँकेत आहे आणि अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या मॅच सकाळी टीव्हीवर बघून ऑफिसला उशिरा पोचतो. आमची एक युक्ती होती. आम्ही मराठीत ओरडायचो. "डावीकडून येतेय!" "तिचा उजवा हात कच्चा आहे!" समोरच्या टीमला ओ की ठो कळायचं नाही. विद्याच्या टीममधल्या चिनी आणि मलय बायकांनाही नाही. ते सगळं एकट्या विद्यासाठी असायचं.

वेळ सांगायचं काम माझं. त्या लीगमध्ये भिंतीवर मोठं घड्याळ नसतं. टेबलावरच्या माणसाच्या हातात स्टॉपवॉच, बाकी सगळे देवाच्या भरवशावर. म्हणून मीही स्वतःचं स्टॉपवॉच घेऊन बसायचो. शेवटच्या दोन मिनिटांत शिट्टी वाजली की घड्याळ थांबवायचं, बॉल खेळात आला की पुन्हा सुरू करायचं. मी तसंच करायचो आणि उरलेले सेकंद विद्याला ओरडून सांगायचो.

त्या दिवशी शेवटचे चाळीस सेकंद उरले असताना यिशुनची टीम एका गुणाने पुढे होती. बॉल बाहेर गेला, शिट्टी वाजली, आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. किमया होती. मॅचनंतर सगळी टीम आमच्याकडे क्यूबाचं जेवण जेवायला येणार होती आणि मी काळा घेवडा मंद गॅसवर तिच्या भरवशावर ठेवून आलो होतो.

"पपा, काळं पाणी उतू जातंय. ऑफ करू?"

"बंद नको, बारीक कर. आणि झाकण तिरकं ठेव!"

फोन खिशात टाकला आणि हाताकडे बघितलं, तर घड्याळ पळतच होतं. मी ते थांबवायलाच विसरलो होतो. घाईघाईने थांबवलं, पण मधे किती सेकंद गेले? पाच? दहा? मी चार धरले. चारच का, ते मला आजही सांगता येणार नाही. अंदाज बांधायची मला सवय आहे, आणि बांधलेला अंदाज ठणकावून सांगायची त्याहून जास्त.

विद्याकडे बॉल आला तेव्हा ती मधल्या रेषेच्या जरा पुढे होती. स्यू लिंग, विद्याच्या टीमची कॅप्टन, बास्केटखाली मोकळी उभी होती, दोन्ही हात वर करून. प्रबोध आणि उल्हास हॉलच्या पलीकडच्या बाजूला स्वतःच काहीतरी ओरडत होते, त्यांना माझं ऐकू येणार नव्हतं. माझ्या हिशोबाने एक सेकंद उरला होता.

"टाक, विद्या, टाक! वेळ संपली!"

तिने टाकला. तितक्या लांबून कुणी टाकत नाही. बॉल रिंगच्या कडेला लागून उडाला आणि यिशुनच्या उंच बाईने तो छातीशी धरला. शिट्टी वाजायला हवी होती. वाजली नाही. त्यांनी बॉल एकमेकींकडे दिला, परत घेतला, पुन्हा दिला. आमच्या बायका मागे धावत होत्या. मी मनात म्हणत होतो, वाज बाई, वाज. ती वाजली तेव्हा पूर्ण सहा सेकंद गेले होते. मी मोजले. तेवढे मात्र बरोबर मोजले.

यिशुन ते बुकित बातोक एमआरटीची दहा स्टेशनं आहेत. टीम, उल्हास आणि प्रबोध पुढच्या डब्यात बसले होते, आम्ही दोघं मागे. मी म्हणालो, "चांगली खेळलीस." ती म्हणाली, "हं." गुडघ्याचा पट्टा सोडून तिने तो हातात गुंडाळून धरला होता. क्रांजीला मला वाटलं, आता सांगतो. चुआ चू कांगला वाटलं, घरी गेल्यावर सांगतो. बुकित बातोक आल्यावर मी म्हणालो, "चल, घेवडा बघायला हवा."

जेवण झकास झालं होतं, हे सांगतानाही मला लाज वाटते. काळा घेवडा आणि भात एकाच पातेल्यात, त्याच्याच काळ्या पाण्यात शिजवलेला, लसूण-जिऱ्याच्या फोडणीचा. टोमॅटो आणि ढोबळी मिरचीत शिजवलेलं मटण. आणि कच्ची केळी, एकदा तळून, वाटीच्या बुडाने चेपून पुन्हा तळलेली, वर लिंबू आणि लसूण. हरलेल्या बायका भरपूर जेवतात हे मला त्या दिवशी कळलं.

"चीफ, हवानाचं सांगा ना यांना," उल्हास म्हणाला.

हवानाचं माझं ठरलेलं आहे. चौऱ्याण्णव साली तिथे आमच्या जहाजाचा जनरेटर बसला, सुटा भाग येईना, आणि आम्ही सात आठवडे बंदरात अडकलो. धक्क्याजवळ राहणाऱ्या एका आजीने मला हा स्वयंपाक शिकवला. मटणाच्या पदार्थाला तिकडे जुने कपडे म्हणतात, कारण मांस इतकं शिजवायचं की त्याच्या चिंध्या होतात. ती आजी मला साबण मागायची, मी तिला जहाजावरचा साबण द्यायचो, ती मला रांधायला शिकवायची. मी हे इंग्रजीत, हातवारे करून सांगितलं आणि सगळ्या हसल्या. हरलेल्या टीमला मी हसवतोय याचं मला बरं वाटलं. म्हणजे बघा.

"चीफ, पण खरं सांगू?" उल्हास बोटं चाटत म्हणाला. "ही आपली घेवड्याची उसळच आहे. फक्त भातात सांडलेली."

"आणि ही केळ्याची भजी, पिठाशिवाय," प्रबोध म्हणाला. मग ताट मांडीवर ठेवून तो मूळ विषयाकडे आला, आणि स्यू लिंगला कळावं म्हणून इंग्रजीत. "मला एकच कळत नाही. तो बॉल टाकला का? स्यू लिंग मोकळी होती. सहा सेकंद म्हणजे पुष्कळ झाले. आमच्या डॅलसचंच बघा. गेल्या महिन्यात अमेरिकेतल्या फायनलला दोन मॅच पुढे होते आणि मग ओळीने चार हरले. खेळ येत नव्हता का? येत होता. घाबरले." मग मराठीत, "वहिनी, राग मानू नका हं, पण तुम्ही घाबरलात."

विद्या केळ्यांचं ताट फिरवत होती. "हो, घाबरले," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

माझा घास तोंडातच राहिला. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. प्रबोधच्या ताटात दोन केळी वाढली आणि पुढे गेली.

स्यू लिंगने चमचा खाली ठेवला. ती चांगली बाई आहे, कुणाला तोडून बोलत नाही. "विद्या," ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात टॅम्पिनीसची स्पर्धा आहे ना, तेव्हा तू गुडघ्याला जरा विश्रांती दे. आम्ही दुसरं कुणीतरी बघतो. ओके, लाह?"

गुडघा म्हणजे काय ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं. विद्या म्हणाली, "ओके." आणि ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली.

आता माझ्यातल्या भित्र्या माणसाने काय काय विचार केले तेही सांगतो. गुडघा खरंच दुखतो तिचा. विश्रांती मिळाली तर बरंच. आणि आता बोललो तर इतक्या लोकांसमोर शोभा. तीच गप्प आहे, तर मी कशाला? हे सगळं मी घेवड्याच्या दोन घासांमध्ये केलं. तिसरा घास गिळवेना.

मी उठून उभा राहिलो. "ती घाबरली नाही," मी इंग्रजीत म्हणालो, आणि माझा आवाज नेहमीसारखाच मोठा होता. "मी तिला सांगितलं वेळ संपली. आमच्या भाषेत. माझं घड्याळ चुकलं होतं, आणि ते चुकलंय हे मला ओरडताना माहीत होतं. मी फोनवर होतो. या घेवड्यासाठी." मी पातेल्याकडे हात केला.

मग स्यू लिंग म्हणाली, "अय्या, मग आधी का नाही सांगितलं?" आणि हसायला लागली. मग सगळ्याच हसल्या. कुणीतरी म्हणालं, म्हणजे या बीन्सने आम्हाला हरवलं. प्रबोधने माझ्या पाठीवर थाप मारली, "मनोहरराव, मानलं तुम्हाला." स्यू लिंग म्हणाली, विद्या टॅम्पिनीसला खेळणार, आणि नवऱ्याला घरी ठेवणार. पुन्हा हशा. पाच मिनिटांपूर्वी माझ्या छातीवर धोंडा होता, तो गेला. इतकं सोपं होतं, मग दहा स्टेशनं मी काय करत होतो, असं वाटलं. मी जवळजवळ खुशीतच स्वयंपाकघरात गेलो.

विद्या ओट्याशी उभी राहून केळी चेपत होती.

"ऐकलंस?" मी म्हणालो. "तू खेळणार आहेस."

"ऐकलं. लिफ्टपर्यंत ऐकू गेलं असेल."

"तुला कळलं होतं ना, मीच ओरडलो ते? मग घाबरले असं का म्हणालीस? माझं नाव घ्यायचं होतंस."

"ते पूर्ण खरं नसतं झालं." तिने वाटी बाजूला ठेवली. "अहो, माझ्या मनात आकडे चालू असतात. कॉलेजपासून. थांबवायचे म्हटले तरी थांबत नाहीत. तुम्ही ओरडलात तेव्हा सात उरले होते. स्यू लिंग मला दिसत होती."

"मग टाकलास कशाला?"

"तुम्ही टाक म्हणालात."

मला वाटलं ती टोमणा मारतेय. तिच्या तोंडाकडे बघितलं, तर तसं काही नव्हतं. ती स्वतःच विचार करत होती.

"बँकेची नोकरी आठवते?" ती म्हणाली. "खेळाडू म्हणून मिळाली होती मला. बँकेच्या टीममध्ये होते. तुम्ही त्या हवानातूनच फोन केला होतात. सोड नोकरी, किमयाकडे बघ, सहा महिन्यांत मी कायमचा किनाऱ्यावर येतो. किती खात्रीने बोलला होतात. मला तेव्हाही माहीत होतं, सहा महिन्यांत काही तुम्ही येत नाही. तरी दुसऱ्या दिवशी जाऊन राजीनामा दिला. तुम्ही सात वर्षांनी आलात."

हवानाची गोष्ट मी शंभर वेळा सांगितली असेल. त्यात तो फोन कधीच नव्हता. मी तो लपवला नव्हता, मला तो आठवतच नव्हता, आणि हे लपवण्यापेक्षा वाईट आहे.

"विद्या, मी..."

"तुमच्यावर नाही हो रागावले. बाहेर बोललात ते चांगलं केलंत." तिने हात पदराला पुसायचे म्हणून खाली नेले, अंगात अजून टीमची जर्सी होती, तिलाच पुसले. "मला माझ्या हातांचा राग येतो. तुमचा आवाज आला की ते आपोआप चालतात. डोकं काहीही म्हणत असो."

बाहेर कबूल केलं ते सहा सेकंदांचं होतं, त्यासाठी लोकांनी माझी पाठ थोपटली. याची कबुली कुणापुढे द्यायची? ती पुढ्यात उभी होती आणि मला तिच्या डोळ्यांकडे बघायची शरम वाटत होती.

बाहेरून उल्हासची हाक आली, "वहिनी, केळी संपली!"

विद्याने गॅसवरच्या कढईकडे बघितलं, चेपून ठेवलेल्या केळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आणखी एक घाणा काढू का हो?"

"हो, काढ" अगदी जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. तेल तापलेलं होतं, केळी तयार होती, माणसं बाहेर थांबली होती. उल्हासने पुन्हा हाक मारली. विद्या हातात झारा घेऊन उभी होती, आणि मी काय म्हणतो याची वाट बघत होती.