नकाबपोश का उठला नाही

"नकाबपोश त्या दिवशी का उठला नाही?"

प्रश्न माझा नव्हता, माझ्या मैत्रिणीचा, शिखाचा होता. तिनं तो माझ्या गळ्यात घातला. "बहुत बोलती है ना तू आजकल," ती म्हणाली, "मग त्या तिघांना पूछ के दिखा, तब मानूँ." आणि तिचंही खरंच होतं. मागच्या वर्षीपर्यंत मला वर्गात उभं केलं की आवाज पोटात जाऊन बसायचा. यंदा असेंब्लीत माइक मीच धरते, वक्तृत्वाचा कप आणलाय, ऑटोवाल्याशी भांडतेसुद्धा. अशा मुलीला डिवचलं तर ती विचारणारच.

ते तिघं म्हणजे मुकुंदराव, गोविंदकाका आणि दिग्विजयसिंह. मुकुंदरावांचं ग्वाल्हेरच्या नया बाज़ारात वह्या-पेनांचं दुकान आहे. गोविंदकाका लोकांच्या घरी पूजा सांगतात, आणि पूजेपेक्षा जास्त गोष्टी सांगतात. दिग्विजयसिंह रेल्वेतून निवृत्त झालेले. थंडीत दुकानासमोर ऊन येतं तेव्हा तिघं स्टुलं बाहेर काढतात आणि जुन्या फ्रीस्टाइल कुस्त्यांवर बोलत बसतात. पूर्वी इथल्या हिवाळी मेळ्यात एक कंपनी यायची, तंबूत दोरखंडांचं रिंगण बांधायची आणि तिकीट लावून कुस्त्या दाखवायची. माझे बाबा लहान होते तेव्हाच्या या गोष्टी. शिखा आणि मी ट्यूशनला जाता जाता रीफिल घेण्याच्या निमित्ताने थांबतो आणि ऐकतो.

ऐकण्यासारखं असतंच. काला पहाड़ म्हणून एक जण होता, तो रिंगणात चढला की फळ्या कुरकुरायच्या आणि पुढच्या रांगेतली माणसं आपोआप पाय वर घ्यायची. तूफान नावाचा एक होता, तो हरला की खरोखर रडायचा. एकाला मंगोलियाचा पहिलवान म्हणून आणलं होतं, कुणाशी एक अक्षर बोलायचा नाही. दुपारी तिळाची गजक विकणाऱ्याकडे तो अस्सल, शेजारच्या भिंडच्या बोलीत भाव करताना गोविंदकाकांनी ऐकला. संध्याकाळी तंबूत गोविंदकाका त्याच्याच नावानं सगळ्यांत मोठ्यानं ओरडले, आणि गजकची गोष्ट त्यांनी पुढे कितीतरी वर्षं कुणाला सांगितली नाही. "जो जाणतो तो बोलत नाही," ते म्हणतात. "बोलला तर मजा गेली. तो कसला शौकीन."

यातले बहुतेक आता गेले आहेत. तिघं त्यांची नावं घेतात तेव्हा पितृपक्षात पानं वाढून ठेवल्यासारखं वाटतं. एकेकाला बोलवायचं, जरा वेळ बसवायचं, मग जाऊ द्यायचं. आणि दर वेळी शेवटी नकाबपोश येतो.

नकाबपोश म्हणजे काळ्या कापडाचा, डोळ्यांना भोकं पाडलेला नकाब घालून लढणारा. कंपनी नकाब तेवढा बरोबर आणायची, माणूस त्या त्या गावातला घ्यायची. तो कोण, हे कुणी विचारायचं नाही. हरला तर सगळ्यांसमोर नकाब उतरवायचा, अशी अट. त्या हिवाळ्यात ग्वाल्हेरचा नकाबपोश एकदाही हरला नाही. शेवटच्या दिवशीही तोच जिंकणार होता. कोण जिंकणार ते कंपनी आधी ठरवायची, आणि शौकिनांना हे ठाऊक असायचं. समोर तूफान होता, त्याला हरायचं होतं. पण नकाबपोश मधेच आडवा झाला तो उठेचना. तूफान बिचारा वाकून त्याचा दंड ओढत होता, कानात सांगत होता, ऊठ रे, आज तू जिंकतोयस. हे सांगताना गोविंदकाका स्वतः हसून लाल होतात. मग शिखा किंवा मी विचारतो, मग पुढे काय झालं, आणि मुकुंदराव म्हणतात की चला, दुकानात गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक कधीच आलेलं नसतं.

त्या दिवशी मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. कुठलंही धाडसाचं काम करायच्या आधी मला डाव्या पायाची टाच जमिनीवर आपटायची सवय आहे. टक टक करायचं आणि सुरू. माइकसमोरही मी तेच करते. लहानपणापासूनची खोड आहे, आणि बाबा मला आयुष्यात ओरडले असतील तर फक्त यावरून. मार्क कमी पडले तरी ते हसतात, पण टाच आपटली की त्यांचा चेहरा बदलतो.

मी टाच आपटली आणि प्रश्न विचारला.

तिघांपैकी कुणी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. तिघं माझ्या पायाकडे बघत होते. गोविंदकाकांच्या हातातल्या कपातला चहा बशीत सांडत होता, त्यांना पत्ता नव्हता.

"फिर से कर," दिग्विजयसिंह म्हणाले.

मी पुन्हा केलं. आता नीट जमेना. पाय माझाच होता, पण दुसऱ्या कुणाचा तरी घालून आल्यासारखा वाटायला लागला.

"संग्राम," गोविंदकाका पुटपुटले.

हे नाव मला ठाऊक होतं. संग्रामसिंह म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, माझे मोठे काका. ते तरुणपणी घरातून गेले, एवढंच मला सांगितलेलं. कुठे गेले, का गेले, आहेत की नाहीत, यातलं काही विचारायचं नाही. आजोबा होते तोपर्यंत हे नाव घरात उच्चारायचीही बंदी होती. आजोबा गेले, बंदी तशीच राहिली.

शिखाला काय वाटलं कुणास ठाऊक, ती म्हणाली मी ट्यूशनला पुढे होते, आणि गेली. मी तिथेच उभी. मी मुकुंदरावांना म्हटलं की आज गिऱ्हाईक आलं असं म्हणालात तर मी दुकानाचं शटर ओढून घेईन. ते हसले नाहीत. मला त्यांनी स्वतःच्या स्टुलावर बसवलं, आपण पायरीवर बसले आणि सांगितलं.

रिंगणात उतरताना आणि पकड घ्यायच्या आधी नकाबपोश डावी टाच आपटायचा. हजार माणसं रोज ते बघत होती, पण कुणाला काही कळलं नव्हतं. या तिघांना नकाबाखाली संग्राम आहे हे माहीत होतं, कारण तो त्यांच्याबरोबरचा. घरी माहीत नव्हतं. आमचं घराणं जुन्या फौजेतलं. मातीतली कुस्ती चालायची, तंबूतली सोंगं चालायची नाहीत. आणि शेवटच्या दिवशी बक्षीस द्यायला कंपनीनं नेमकं माझ्या आजोबांना, आबासाहेब मानसिंगरावांना बोलावलं. पुढच्या खुर्चीत आजोबा बसले होते, शेजारी त्यांचा धाकटा मुलगा, तिसरीतला.

"म्हणजे बाबा," मी म्हटलं.

"राजवर्धन," मुकुंदराव म्हणाले. "नकाबपोशानं टाच आपटली, आणि तो पोरगा खुर्चीवर चढून ओरडला, दादा, तो आपला दादा. सगळा तंबू हिंदीत ओरडत होता. त्यात ते मराठी वेगळं ऐकू आलं गं. आपली जेवढी माणसं होती, सगळ्यांनी वळून पाहिलं."

आजोबा उठले, बाबांचं मनगट धरलं आणि चालू लागले. रिंगणातल्या माणसानं ते पाहिलं. मग तो आडवा झाला. लोक नकाब उतार, नकाब उतार म्हणून खुर्च्या वाजवायला लागले. तेव्हा मुकुंदराव आणि दिग्विजयसिंह दोरखंडाखालून आत घुसले, त्याच्यावर कांबळं टाकलं आणि त्याला तसाच झाकून तंबूच्या मागे नेला. नकाबाखालचा चेहरा कुणाला दिसू दिला नाही.

"मागे गेल्यावर मीही तुझाच प्रश्न विचारला," मुकुंदराव म्हणाले. "उठला का नाहीस. तो म्हणाला, आबासाहेब उठून गेले, मग मी कुणासाठी उठू. थोड्या वेळानं म्हणाला, छोट्याला कुणी मारू नका. एवढ्या गर्दीत त्यानं एकट्यानं ओळखलं मला. आणि त्यानं माझ्याकडून वचन घेतलं की घरी काही सांगायचं नाही."

मी विचारलं की ते कधी वारले. कारण इतक्या हळू आवाजात माणसं फक्त गेलेल्यांबद्दल बोलतात.

"वारला कुठे," दिग्विजयसिंह म्हणाले. "झाँसीत आहे."

झाशी. आम्ही लग्नाला जाऊन संध्याकाळी परत येतो त्या झाशीत. तिथे मुलांच्या एका वसतिगृहाचं काम बघतात, आवारातच एका खोलीत राहतात. मुकुंदराव माल आणायला गेले की भेटतात. काका दर वेळी विचारतात, छोटा कसा आहे. माझा जन्म झाला तेही त्यांना कळवलेलं. म्हणजे ते मला ओळखत होते, आणि मी समजत होते की असा कुणी नाहीच.

मला रडू यायला हवं होतं, राग आला. मी म्हटलं, तुम्ही तिघं रोज इथे बसून गेलेल्या माणसांना बोलावता, आणि जो जिवंत आहे त्याच्याबद्दल गप्प बसता, हा कसला शौक. गोविंदकाका बशीतला चहा परत कपात ओतायला लागले.

"नकाब त्याचा आहे, बेटा," मुकुंदराव म्हणाले. "आपण नाही उतरवायचा."

"मग मी त्यांनाच विचारते," मी म्हटलं. "पत्ता सांगा."

पत्ता सांगायला त्यांना वेळ लागला, पण सांगितला. तोपर्यंत ऊन समोरच्या भिंतीवर चढून गेलं होतं. माधवगंजातल्या घरापर्यंत चालत येताना मला सारखं वाटत होतं की माझ्यामागे कुणीतरी माझ्याच चालीनं चालतंय. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं आणि कुणी नसतं, तर जास्त वाईट वाटलं असतं.

घरी आई-बाबा मटार सोलत बसले होते. मी दप्तर खाली न ठेवता सगळं सांगून टाकलं, तंबूपासून वसतिगृहापर्यंत. आईनं मधेच दाराला कडी घातली. लग्न ठरलं तेव्हाच तिला सांगितलं होतं, या घरात दिरांबद्दल विचारायचं नाही. बाबांचे हात चालूच होते, पण सालं आणि दाणे ते एकाच भांड्यात टाकत होते.

मला वाटलं, ते म्हणतील की गप्प बस. ते म्हणाले, "मला वाटलं होतं, ओळखलं म्हणून तो खूश होईल."

नंतर ते बोलायला लागले, पण आमच्याशी नाही, मटारांशी. घरी आल्यावर आबासाहेबांनी त्यांना मारलं नव्हतं. पाठीवर हात ठेवला होता आणि म्हणाले होते, शाबास, तुझ्यामुळे कळलं. त्या रात्री दादाचं अंथरूण उचललं गेलं. सकाळी बाबा शाळेत गेले तर मुलांना हेवा वाटत होता की नकाबपोश याचा भाऊ. ती शाबासकी अजून पाठीवर बसलेली आहे, ते म्हणाले. हिवाळा आला की जास्त जड होते. म्हणून ते मेळ्याला येत नाहीत. आम्हाला गर्दीचं कारण सांगतात.

"तो गेला असेल असंच धरून चाललो होतो मी," ते म्हणाले. "मेलेल्या माणसाची माफी मागावी लागत नाही."

मी त्यांना पुन्हा सांगितलं की काका काय म्हणाले होते. एवढ्या गर्दीत त्यानं एकट्यानं ओळखलं मला. बाबांनी मान हलवली, जसं काही मी त्यांना फसवतेय. म्हणाले, मुकुंदराव चांगला माणूस आहे, चांगली माणसं असं काहीतरी सांगतात. म्हणाले, आता इतकी वर्षं झाली, त्याच्या दारात कुठल्या तोंडानं उभं राहायचं. आई म्हणाली, राहू दे आत्ता, जेवून घेऊ.

म्हणजे पुन्हा ते गिऱ्हाईकच. मला स्पष्ट दिसलं की आज जेवलो तर उद्याही जेवू, आणि मग झाशीतला तो माणूस एक दिवस खरोखर जाईल, आणि हे दोघं आपल्याला आधीपासून माहीत होतं अशा चेहऱ्यानं बसतील. बाबा मेळ्याच्या रस्त्यानं कधीच जाणार नाहीत.

"मी शनिवारी झाशीला जातेय," मी म्हणाले. "सकाळच्या गाडीनं. मी त्यांना सांगणार आहे की मी राजवर्धनची मुलगी राजलक्ष्मी, आणि बाबा तुम्हाला विसरले नाहीत. ते आले तर त्यांना इथे जेवायला घेऊन येईन, या घरात, पुढच्या दारानं. नाही आले तर मी पुढच्या शनिवारीही जाईन. परवानगी मागत नाहीये, आई. बाबा, तुमचं तिकीट काढू का, तेवढं फक्त सांगा."