मोसंबीचा अंगठा

वडीगोद्रीच्या शाळेत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं, आया, कामं टाकून आलेले बाप, सगळे माना उंचावून व्हरांड्यातल्या टेबलाकडं बघत होते. टेबलावर काळ्या काचेचा डबा. हजेरीच्या नंबरानं एकेक पोरगं अंगठा दाबायचं, हिरवा दिवा लागायचा, प्रिंटर करकरायचा आणि बाहेरून आलेले, कोटातले हरिओम सर कागद फडकवायचे.

"मेंदूचा एक्सरे! लेकरू डोळ्यानं शिकतं, कानानं शिकतं की हातानं, ते अंगठ्यातच लिहिलेलं असतं! फक्त वाचणारा पाहिजे!"

लोक थक्क झाले. सगळ्यांत जास्त थक्क झाले पाचवीचे कल्याण मास्तर, आणि त्यांना तर तो हक्कच नव्हता. हेच मास्तर बुवाबाजी उघडी पाडायला गावोगाव नारळातून रक्त काढून दाखवायचे, निखाऱ्यावरून चालायचे, भोळ्या लोकांना हसायचे. पण हरिओमांनी रंगीत आलेख काढला आणि मास्तरांनी मान डोलावली. लिंबू-मिरचीला न फसणारा माणूस टक्केवारीला फसला.

हरिओमांकडं तीन पद्धती होत्या: तीन प्रकारांची, चार प्रकारांची आणि आठ प्रकारांची. मास्तरांनी रात्रंदिवस खपून तिन्हींचा तुलनात्मक तक्ता केला. एकच पोरगं तीनच्या पद्धतीत 'हाताचं', चारच्या पद्धतीत 'चिंतनशील' आणि आठच्या पद्धतीत 'संगीतप्रेमी' निघत होतं. तीन डॉक्टरांनी तीन आजार सांगितले असते, तर मास्तर चौथ्याकडं पळाले असते. इथं मात्र त्यांनी तिन्ही कागद लॅमिनेट केले.

मग पाचवीचा वर्ग तीन रांगांत बसला. डोळेवाले, कानवाले, हातवाले. शिष्यवृत्तीच्या जादा तासाला डोळे आणि कान, हातवाल्यांना मातीकाम. बारा नंबरची तृप्ती हातवाल्यांत गेली. गणितात वर्गात पहिली येणारी पोरगी परीक्षेच्या तोंडावर चिखलाचे बैल करत बसली. "सर, मला अपूर्णांक येतात," ती म्हणाली. "येत असतील, पण तुझा पिंड तो नाही," मास्तर अगदी प्रेमानं म्हणाले.

पुढच्या आठवड्यात हरिओम पालकांचे मेंदू तपासायला आले. शाळा समितीचे कारभारी पहिले बसले, ते डोळ्याचे निघाले. दुसऱ्या बसल्या रूपालीताई, त्या कानाच्या. तिसरी आली तृप्तीची आजी, झुंबरबाई. तिनं अंगठा दाबला आणि लगेच हिरवा दिवा लागला. कागद आला: हाताच्या.

झुंबरबाई जागची हलेना. "ओ साहेब, चाळीस वर्सं कापूस येचून राह्यले मी. अंगठ्याच्या रेघा पार गुळगुळीत झाल्या. रेशनच्या मशीनला माझा अंगठा कधीच घावत न्हाई, दर म्हयन्याला ह्या पोरीचा लावावा लागतो. मंग तुमच्या मशीननं काय वाचलं?"

"आजी, ते सरकारी मशीन!" हरिओम गर्दीकडं वळून हसले. "आमचं आत्म्याच्या रेषा वाचतं!"

ते हसत असतानाच तृप्तीनं आजीच्या पिशवीतली मोसंबी काढून काचेवर दाबली. दिवा लागला. कागद आला. तृप्तीनं तो खणखणीत वाचला, "अभिनंदन! आपण डोळ्याने शिकता."

पटांगणात हशा पिकला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी काच उचलली. खाली दारावरच्या घंटीचं बटण होतं आणि हिरवा दिवा. रेषा वाचणारं काहीच नव्हतं. बटण दाबलं की प्रिंटर पुढचा कागद छापायचा, एवढंच. डोळे, कान, हात. पुन्हा डोळे, कान, हात.

मास्तर वर्गात धावले. भिंतीवर त्यांच्याच सुंदर अक्षरातली यादी होती. हजेरीपटातला एक नंबर डोळे, दोन कान, तीन हात, चार पुन्हा डोळे. बारा नंबर हात. यादी त्यांनीच लिहिली, त्यांनीच चिकटवली, रोज तिच्यासमोर उभं राहून तीनचा पाढा शिकवला.

बाहेर येईपर्यंत कारभाऱ्यांनी हरिओमांना खुर्चीत बसवून ठेवलं होतं. मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले, "तृप्ती, मी चुकलो. उद्यापासून जादा तासाला ये. रांगा बंद."

"आन् ते बाकीचे हातवाले?" झुंबरबाईनं विचारलं.

"तेही येतील, आजी. पण खरं सांगा, तुम्ही कापूस वेचायला कशानं शिकलात?"

"आता हे काय इचारणं झालं? मायनं सांगितलेलं ऐकलं, तिचं बघितलं, हातानं केलं. एक सोडलं असतं तर बोंडाच्या काट्यांनी बोटं फाटली असती."

एवढं समजायला मास्तरांना तीन पद्धती आणि एक तक्ता लागला होता. अपूर्णांक शिकवताना चित्र लागतं, बोलणं लागतं, कापून बघणं लागतं, आणि ते प्रत्येक पोराला लागतं. पोरांवर छाप मारण्याआधी छाप मारणाऱ्याला तपासावं, मग तो भगव्यात असो की कोटात.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी तीच मोसंबी वर्गात कापली. आठ फोडी झाल्या. तृप्ती म्हणाली, "सर, यंत्र घेऊन कुणी आलं तर आधी मोसंबी ठेवून बघायची."

"आणि मास्तर यादी घेऊन आला तर?"

"तवाबी," तृप्ती म्हणाली आणि तिनं फोड तोंडात टाकली.