लोखंड आपोआप वाजतं

"मामी, माझं पुस्तक छापून आलंय, ठेवून जातो. सवडीनं वाच," असं म्हणून भाचा दुकानाच्या पायरीवरूनच परत फिरला. आत आला नाही, माझ्याकडे नीट बघितलंही नाही. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

शेजारच्या शिलाईवालीनं पुस्तक चाळलं. "अनाथ पोरगा, मामाचं घर, राक्षस, जादू. बाई गं, असल्या गोष्टीत मामी कोण असते ठाऊक आहे ना? चेटकीण!"

"तुझ्या जिभेला काही हाड?" म्हणत मी पुस्तक ओढून घेतलं. पण तिचं बोलणं डोक्यातून जाईना.

दुपारी गिऱ्हाईक नसतं. इस्त्री बंद केली, चष्मा लावला आणि पुस्तकात स्वतःला शोधायला बसले. नणंद गेली तेव्हा हे पोर एवढंसं होतं. वाढवलं मीच. हात कधी उगारला नाही, पण तोंडाचा पट्टा चालायचा माझा, खोटं कशाला बोलू? अंथरूण ओलं केलं की ओरडायचे, ताटात टाकलं की ओरडायचे. चेटकीण व्हायला तेवढं पुरतं की!

पुस्तकातला पोरगा कपड्यांच्या गठ्ठ्यांमागे झोपतो. पावाचा तुकडा खिशात लपवून ठेवतो. बुटांच्या आवाजावरून येणाऱ्याचा राग ओळखतो, आणि मोठेपणी त्याच कानांच्या जोरावर राक्षसाच्या किल्ल्यातून पोरं सोडवतो. राक्षस कोण, ते मला कुणी सांगायला नको. माझा नवरा. त्याचा हात फार लवकर सुटायचा. गेला आता बिचारा. पण बिचारा म्हणताना माझी जीभ अडखळते.

पानामागून पान उलटलं, मामीचा पत्ताच नाही. राक्षस चिडून यायला लागला की घरातलं लोखंड म्हणे आपोआप वाजतं, आणि पोरगा मागच्या दारानं पळतो.

आपोआप? अरे, इस्त्री मी आपटायचे पत्र्यावर! नवरा रस्त्याच्या वळणावर दिसला रे दिसला की आपटायचे. त्याला संशय आला तेव्हा पोराऐवजी मी मार खाल्ला.

संध्याकाळी भाचा आला. "वाचलंस?"

"वाचलं. ते लोखंड कोण वाजवतं?"

"जादू आहे ती, मामी."

"मला नको बनवूस. तुला ठाऊक होतं की नव्हतं?"

तो गठ्ठ्याची गाठ उगीच सोडत-बांधत राहिला. "होतं. पहिल्यापासून होतं. आधी तसंच लिहिलं होतं. पण छापणारे म्हणाले, वाचवणारं माणूस घरातच असेल तर पोराचं दुःख पोकळ वाटतं. हिरो एकटाच हवा. मग काढलं ते."

"मला काढलंस."

"अगं, पण तुला वाईट तर कुठे दाखवलं नाही ना?" तो घाईघाईनं म्हणाला. "तेवढी काळजी घेतली मी."

मला रागही आला आणि रडूही आलं. गरम शर्टाची घडी घातली, पुन्हा मोडली.

"त्यापेक्षा चेटकीण तरी करायचं होतंस रे," मी म्हणाले. "त्या घरात तरी असते मी."

तो मोठ्यानं हसला. त्याला वाटलं, मामी थट्टा करतेय.