पंधरा मिनिटं

थोरल्या सिस्टरनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. समोरच्या कागदावर त्यांच्या नावानं टाइप केलं होतं : नऊ नंबरच्या रुग्णाला इंजेक्शनची ॲलर्जी आहे, ही नोंद करायला मी विसरले.

"देवाशपथ, केली होती हो. दहा बावन्नला. घड्याळ बघूनच करते मी."

"मग काय, नोंदीला पाय फुटले?" अधीक्षकांनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "दहा पंचेचाळीसनंतर तुमचं अक्षरही नाही इथे. साडेअकराला डॉक्टरांना नोंद दिसली नाही, त्यांनी इंजेक्शन दिलं." मग खिडकीशी उभ्या असलेल्या इंजिनिअरकडे बघून ते म्हणाले, "तुम्ही मात्र लाज राखलीत. दहा अठ्ठावन्नला मुख्य सर्व्हर बसला, अन् चार मिनिटांत राखीव सर्व्हर कामाला लागला!"

इंजिनिअरनं बगलेतली फाइल घट्ट धरली.

सिस्टर त्याच्याकडे वळल्या. "तुझं यंत्र पडलं तरी उठतं बाबा. आमचा नऊ नंबर काही उठला नाही." त्यांनी चष्मा पुसला. "सत्तावीस वर्षं झाली. आता माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही. नसेलही केली."

त्यांनी पेन उघडलं. निवृत्तीला चार महिने उरले होते.

"थांबा," इंजिनिअर म्हणाला. त्यानं फाइल उघडून त्या कागदावर ठेवली. राखीव व्यवस्थेची योजना, तीन वर्षांपूर्वीची. एका ओळीत छापील प्रश्न होता : किती वेळाच्या नोंदी गेल्या तर चालेल? पुढे शाईनं लिहिलं होतं, पंधरा मिनिटं. खाली त्याची सही. ते लिहिताना दुसऱ्या हातात चहाचा कप होता, हेही त्याला आठवलं.

"राखीव सर्व्हरकडे दर पंधरा मिनिटांनी प्रत जाते. शेवटची दहा पंचेचाळीसला गेली. नंतर केलेलं सगळं मुख्य सर्व्हरबरोबर गेलं. सगळ्यांचंच."

अधीक्षक खुर्चीत मागे टेकले. "हे आत्ताच बोलायचं होतं?"

सिस्टर त्या ओळीवर बोट ठेवून वाचत होत्या. मग पुन्हा वाचली.

"पंधरा मिनिटांत वॉर्डात काय काय होतं, ते कुणी सांगितलं नाही का रे तुला?"

"मी विचारलं नाही."

टोपण न लावताच सिस्टरनी पेन त्याच्यापुढे सरकवलं.